सकाळची तालीम

चहा गाळता गाळता तिने हळूच आत डोकावलं. नवरा खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसला होता, डोळे मिटलेले, तळवे गुडघ्यांवर. म्हणजे तिचं मरण अजून चालू होतं. तिने त्याच्या कपावर बशी झाकली आणि कांदा चिरायला घेतला.

“आज कशाने गेले मी?” तो बाहेर आल्यावर तिने विचारलं.

“बसखाली.”

“अगबाई! काल तर जिन्यावरून पडले होते.”

तो हसला नाही. कप उचलून शांतपणे घोट घेतला.

पूर्वी या माणसाच्या जिवाला नुसता घोर असायचा. तिला शिवणाच्या दुकानातून यायला जरा उशीर झाला, की हा चपला सरकवून चौकात हजर. तिने फोन उचलला नाही तर तिच्या बहिणीला, बहिणीने उचलला नाही तर सरळ पोलिसांना. झोप उडाली, अन्न जाईना, सदरे अंगावर लोंबायला लागले. शेवटी त्याच्या कारखान्याच्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर प्राचीन तत्त्वज्ञानाचं एक पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. जे गमावायची भीती वाटते ते रोज सकाळी मनातल्या मनात गमावून बघावं, म्हणजे भीतीच बोथट होते, असं दोन हजार वर्षांपूर्वी कुणा शहाण्याने सांगून ठेवलं होतं. नवऱ्याला ते चटकन पटलं. आगीची तालीम घ्यायची, भोंगा वाजवून कामगारांना बाहेर काढायचं, हीच तर त्याची नोकरी होती.

सुरुवातीला तो खुर्चीतून उठायचा तो डोळे पुसतच. ती ओट्यापाशी उभी दिसली की त्याचा जीव भांड्यात पडायचा. तिचा हात धरून बसायचा, भाजी अळणी झाली तरी चाटूनपुसून खायचा. खोटं कशाला बोला, तिला ते फार आवडलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्याकडे असं डोळे भरून पाहिलं होतं कुणी? “मरण्यात मजा आहे बाई,” असं ती बहिणीला फोनवर सांगायची आणि दोघी खिदळायच्या.

मग त्याचे डोळे कोरडे झाले. झोप छान लागू लागली, डॉक्टर खूश झाले. तिच्या येण्याजाण्याची चौकशी थांबली. परवा ती मुद्दामच बहिणीकडे रेंगाळली, फोनही बंद ठेवला. घरी आली तर दिवे मालवलेले, दाराला आतून कडी. बऱ्याच वेळाने त्याने दार उघडलं आणि पत्ता चुकून कुणी परकं यावं तसं तिच्याकडे पाहिलं. तिच्या मनात पाल चुकचुकली.

“अहो, काळजी नाही वाटली माझी?”

“वाटून झाली,” तो म्हणाला आणि झोपायला गेला.

तेव्हापासून ती त्याच्याशी जरा जास्तच थट्टा करत होती. आजही त्याला काहीतरी चिडवावं असं मनात घेऊन ती कप विसळायला उठली, आणि पाठीतून निघालेली कळ थेट जबड्यात गेली. पित्त असेल, तिला वाटलं. मग डावा हात जड झाला, पोलकं घामाने चिंब झालं. ओट्याचा आधार घेता घेता ती खालीच बसली. कप फुटला.

तो आला. धावत नाही, चालत. काचा पायाने बाजूला सारल्या, तिच्याजवळ फरशीवर बसला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. किती हळुवार हात होते त्याचे! क्षणभर तिला बरंच वाटलं.

“अँब्युलन्स बोलवा,” ती म्हणाली. “छातीत दुखतंय हो.”

“घाबरू नकोस.”

“घाबरत नाही मी. तुम्ही फोन करा आधी!”

तो तिच्या कपाळावरचा घाम पुसत राहिला. फोन त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता, तिच्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर. भोंगा झाला की पहिला फोन कुणाला करायचा, हे हाच माणूस नव्या कामगारांना घसा फोडून शिकवायचा. आत्ता त्याचा चेहरा रोज सकाळी खुर्चीत असतो तसा स्वस्थ होता. डोळे तेवढे उघडे होते.

तिने होतं नव्हतं ते बळ एकवटून हात उचलला आणि त्याच्या खिशाकडे नेला. त्याने तो वाटेतच धरला, थोपटला, आणि जपून तिच्या छातीवर ठेवला.

“अहो, इकडे बघा ना,” ती कळवळून म्हणाली. “मी अजून आहे. खरंच दुखतंय मला.”

“हो गं,” तो मायेने म्हणाला. “हेसुद्धा म्हणतेस तू. रोज.”