मुकं बटण

मित्रांनो, मी एक जुना अँप्लिफायर आहे, बास गिटारचा. यंत्र आणि स्पीकर एकाच लाकडी पेटीत, वजन पस्तीस किलो. लिमा शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने मला जोडलं. पेटी मोडक्या कपाटाच्या फळ्यांची, स्पीकर बंद पडलेल्या थिएटरातला. त्यामुळे दिसायला मी कधीच देखणा नव्हतो. आवाज मात्र भरीव होता. "हा पोटात वाजतो," असं लोक म्हणत आणि मी फुशारून जाई. आता कोणी काही म्हटलं तरी मला विशेष वाटत नाही.

माझा मालक अबिलियो वारिंगा. हार्प, बास, ढोल आणि गायिका नेलिदाबाई असा त्यांचा चौघांचा ताफा. लग्नं, बारशी, जत्रा, आणि एक नोव्हेंबरला शहराबाहेरच्या डोंगरावरची दफनभूमी. त्या दिवशी घरोघरची माणसं थडग्यापाशी जेवण घेऊन बसतात आणि गेलेल्याच्या आवडीची गाणी वाजवून घेतात. सकाळपासून आम्ही एका थडग्याकडून दुसऱ्याकडे. मी अबिलियोच्या पाठीवर, मला चालवणारी गाडीची बॅटरी ढोलवाल्याच्या.

मला लावायची एक रीत आहे. ती अबिलियोच्या बायकोने, सेनाइदाने, घालून दिली होती. आधी माझ्या आवाजाच्या सगळ्या खुंट्या शून्यावर, मग वायर, मग मला चालू करायचं. मुकं बटण दाबायचं. त्याचा लाल दिवा लागला, की गिटार सुरात लावताना बाहेर काही ऐकू जात नाही. सूर लागले की बटण सोडायचं आणि आवाज हळूहळू वाढवायचा. नुसत्या जमिनीवर ठेवलं तर मी फार घुमतो, म्हणून खाली बाटल्यांचा रिकामा क्रेट. शेवटी सेनाइदा चाळीस पावलं लांब जाऊन उभी राही. बासचा आवाज वाजवणाऱ्याला जवळून नीट कळत नाही, लांबून कळतो. तिथून ती तळहात खाली दाबायची.

"कमी कर रे! हार्प बुडाली तुझ्या बासखाली!"

"तुझेच कान लाडावलेत!" हा ओरडायचा. पण कमी करायचा.

तीन वर्षांपूर्वी ती आठ दिवसांच्या तापात गेली. अबिलियो रीत पाळत राहिला. खुंट्या, वायर, बटण, सूर. चाळीस पावलांवर मात्र कोणी जात नव्हतं. तो चुकीचं काही वाजवत नव्हता. पण मला जे कळतं ते त्याच्या बोटांतून, आणि तिथून काहीच येत नव्हतं. मीही तेवढंच पुढे पाठवत होतो. एक नोव्हेंबरला आम्ही सगळा डोंगर पालथा घालायचो, फक्त सेनाइदाच्या थडग्याची पायवाट सोडून.

यंदा त्या पायवाटेच्या तोंडाशीच सातुर्निना आजी, सेनाइदाची आई, स्टूल टाकून बसली होती.

"सगळ्या गावाला वाजवतोस. माझ्या पोरीने काय घोडं मारलंय तुझं?"

"आई, गिऱ्हाईक थांबलंय."

"मीपण थांबलेय. तीन वर्षं."

नेलिदाबाई मध्ये पडली. "चला, अबिलियोदादा. तिचं एक गाणं. मग जाऊ."

थडगं निळ्या रंगाने रंगवलेलं होतं. आजी स्टूल घेऊन त्याच्या शेजारी बसली. वर उकडलेले बटाटे आणि मक्याच्या दारूचे कप. अबिलियोने मला क्रेटवर ठेवलं. खुंट्या शून्यावर आणल्या, वायर जोडली, मुकं बटण दाबून सूर लावले. बटण सोडलं नाही. गाणं सुरू झालं. त्याची बोटं तारांवर बिनचूक फिरत होती आणि माझा लाल दिवा जळत होता. हार्पवाल्याने एकदा वळून पाहिलं आणि मान खाली घातली. दोन कडवी तशीच गेली.

आजीला यंत्रातलं काही कळत नाही. ती उठली आणि तिने माझ्या जाळीवर तळवा ठेवला.

"हे हलत का नाही? बंद आहे?"

गाणं थांबलं.

"बटण राहिलं," अबिलियो म्हणाला. "विसरलो."

"विसरलास?"



"नाही, आई. मुद्दामच ठेवलं. आवाज आला की मी तिकडे बघणार, ती उभी राहायची तिकडे. आणि तिथे कोणी नसणार."

आजीने नाक पुसलं, शाल आवळली आणि ती थडग्याखालच्या पायऱ्या उतरू लागली. तिचे गुडघे दुखतात. पंधरा पायऱ्यांना तिला फार वेळ लागला, पण कोणी तिला अडवलं नाही. खाली पोचल्यावर ती वळली.

"हं, वाजव आता!"

अबिलियोने बटण सोडलं. दिवा विझला. पहिला सूर माझ्यातून बाहेर पडला आणि थडग्यावरचे कप थरथरले. त्याने तिकडे बघितलं. आजीने तळहात खाली दाबला.

"कमी कर रे! बाई काय गातेय ते ऐकू दे की!"

तो हसला की रडला ते मला दिसलं नाही. माझं तोंड लोकांकडे असतं. पण त्याचा हात खुंटीवर आला. तीन वर्षांत त्या हातातून पहिल्यांदा काहीतरी आलं. त्याने माझा आवाज एक घर खाली आणला.

मित्रांनो, माझ्यासारखी पेटी तुमच्याकडे असेल तर तिला धूळ लागू देऊ नका, भिजू देऊ नका, खुंट्या शून्यावर आणल्याशिवाय चालू करू नका. एवढं तर अबिलियोही न चुकता करत होता. तुम्ही आणखी एक करा. वाजवण्याआधी लाल दिवा विझलाय ना ते बघा आणि कुणाला तरी लांब उभं करा. नेहमीचं माणूस नसेल तर दुसऱ्या कुणाला सांगा. गुडघे दुखत असले तरी ते जाईल.