थांब्याचा वेळ

लघुलेखनाच्या क्लासबाहेर लावलेल्या फलकावर संचालकांचा हसरा चेहरा होता आणि खाली 'सातत्य हेच यश' अशी घोषणा. सातत्याने चूकही तितकीच पक्की होते, हे छापायला फलकावर जागा उरली नसावी.

वंदनाला ते सराव-परीक्षेत कळले. मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगाने ध्वनिमुद्रित मजकूर सुरू झाला आणि दुसऱ्याच परिच्छेदात तिची पेन्सिल मागे पडली. पुढचा कागद जवळजवळ कोराच राहिला. घरी तर हाच वेग ती सहज गाठत होती. न्यायालयातील पदासाठीची खरी परीक्षा आठवड्यावर आली होती, आणि वयाच्या अटीमुळे ती तिची शेवटची होती. सातत्याचे गुण गाणाऱ्यांच्या हाती बहुधा पुढची संधी असते.

सक्करदऱ्याच्या घरी तिला मजकूर वाचून दाखवीत ते तिचे वडील, देवराव. त्यांची उभी हयात उमरेड-भिवापूरच्या एसटीत कंडक्टरकी करण्यात गेली होती. त्या संध्याकाळी वंदनाने पेन्सिल मुद्दाम उचलून धरली. देवरावांचा आवाज थांबला आणि त्यांचा अंगठा मोबाइलच्या स्टॉपवॉचवर गेला.

"काय करून राहिले, बाबा?"

"तू मांगं राहिली ना वं. घड्याळ थांबवलं."

"रोजच थांबवता?"

"मंग? धावत येणारा दिसला तं गाडी सोडाची घंटी मारतो का मी? अन् थांब्याचा टाइम चालण्यात धरत नाई."

वर्षभर चढत गेलेल्या वेगाच्या प्रत्येक पायरीखाली बापाचा अंगठा होता. रागवायचे कोणावर, हे ठरवायला आठवडा पुरणार नव्हता. तिने मोबाइल आपल्याकडे घेतला आणि त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवली.

"शाळेतबी मले असंच बसवत," देवराव म्हणाले.

"कायच्यासाठी?"

"लय बोलतो म्हून."

"आता बोलासाठीच बसवलं."

तरीही वेग वाढेना. देवराव आता पेन्सिलीची खरखर ऐकत, आणि ती मंदावली की वाक्य लांबवीत. हे ध्यानात आल्यावर वंदनाने कूलर पुऱ्या वेगावर सोडला. मग त्यांना ना हात दिसे, ना खरखर ऐकू येई. भिंतीकडे तोंड करून ते ओरडून वाचू लागले. मुलगी कुठवर पोहोचली याचा पत्ताच नसल्यासारखे, म्हणजे जग वाचते तसे.

पहिल्या दिवशी तिचा कागद फाटक्या जाळीसारखा झाला. सुटलेल्या शब्दासाठी थांबले की पुढचे चारही जातात, हे तिच्या हाताला पटायला आणखी काही दिवस लागले. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कोऱ्या जागा कमी झाल्या होत्या, संपल्या नव्हत्या. तिचे जेवण ताटातच राहिले.

परीक्षेत मध्येच एक शब्द निसटला. हात सवयीने अडखळला. तो थांबलेला पाहणारे तिथे कोणी नव्हते. तिने जागा सोडली आणि पुढचे वाक्य अर्ध्यात पकडले. शेवटच्या शब्दाला पेन्सिल आवाजाबरोबर होती. टिपणाचे टंकलेखन झाल्यावर तिने सुटलेले शब्द मोजले. ते माफ असलेल्या चुकांच्या मर्यादेत, अगदी काठावर, बसत होते.

देवराव परीक्षा केंद्राच्या फाटकाशी उन्हात उभे होते.

"गाडी भेटली का वं?"

"भेटली."

"थांबली होती?"

"नाई, बाबा. धावत चढली."

त्यांनी तिच्या उजव्या हाताकडे पाहिले.

"लागलं तं नाई ना?"