चाराचे सात

ताईने चारच टाकले होते. अकरा दिवस ती हेच सांगत होती. आधी वॉर्डच्या मेट्रनला, मग चौकशीच्या कारकुनाला, मग घरी धाकट्या भावाला, आणि ऐकायला कोणी उरलं नाही की भांडी घासता घासता स्वतःलाच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चार होते. ताशी चार मिली, हळूहळू जायचं औषध. संगणकातल्या नोंदीत मात्र सात होते, औषध सोडणारा पंप नोंदीवर चालतो, आणि सतरा नंबरच्या खाटेवरचे म्हातारे गृहस्थ सकाळचा चहा यायच्या आत गेले. नोंदीखाली नाव ताईचं. बावीस वर्षांच्या नोकरीत एक ठपका नाही, आणि आता घरी बसवलेली. गुरुवारी सुनावणी होती.

धाकटा संगणकातला, म्हणजे या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा. दिवसा तो एका कंपनीत पाट्या टाकायचा, पण त्याचा खरा जीव होता ‘चौकट’मध्ये. चौकट म्हणजे वेबवर चालणारी सॉफ्टवेअर बांधायचं तयार सामान: बटणं, याद्या, तारखेचे रकाने, आकड्यांचे रकाने. सुताराकडून तयार दारं-खिडक्या आणून घर उभं करावं, तसे हे सुटे भाग कोणीही उचलावेत आणि आपलं काम उभं करावं. तेही फुकट. आतला कोड सगळ्यांना खुला. कोणीही चूक दाखवावी, दुरुस्ती पाठवावी, आणि त्यातलं काय घ्यायचं, काय नाही, ते धाकट्याने ठरवावं. नऊ वर्षं तो ते ठरवत आला होता. आपलं सामान कोण कोण वापरतं हे त्यालाही माहीत नव्हतं, आणि इतक्या लोकांचा हिशेबच लागत नाही याचा त्याला मनातून फार अभिमान होता.

“अरे, आकडा आपोआप बदलू शकतो का?” ताईने विचारलं होतं.

“मशीन खोटं बोलत नाही, ताई. जे दाबशील तेच लिहितं. तू थकली होतीस, सलग दुसरी ड्युटी होती. कबूल करून टाक, माफी माग. निदान नोकरी तरी वाचेल.”

त्याला तिचं भलंच करायचं होतं, यात शंका नाही. भलं करायला निघालेल्या शहाण्या माणसाइतका ऐकून न घेणारा प्राणी दुसरा नाही.

सोमवारी दुपारी त्याने हा विषय एकदाचा मिटवायचं ठरवलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि ताईने सांगितलं तसा फॉर्म चौकटीच्या भागांतून दहा मिनिटांत जोडला. वर रुग्णाचं नाव आणि ‘जतन करा’चं बटण, मग लांबलचक माहिती, आणि पार खाली औषधाच्या आकड्याचा रकाना.

“अगबाई!” ताई वाकून बघत म्हणाली. “हे तर हुबेहूब आमच्यासारखंच दिसतंय. ही निळी रेघसुद्धा तशीच उमटते.”

धाकट्याची कॉलर ताठ झाली. म्हणजे हॉस्पिटलसुद्धा! खोटं कशाला सांगा, त्या क्षणी तो सतरा नंबरची खाट साफ विसरला.

“आता त्या दिवशी केलंस तसंच्या तसं कर,” तो म्हणाला.

ताईने पदराला हात पुसले, माउस धरला. रकान्यात चार टाकले. आणि मग बावीस वर्षांच्या सवयीने, नाव पुन्हा एकदा वाचून घ्यायला, तिने बोटाने माउसचं चाक वर फिरवलं. नाव वाचल्याशिवाय तिने आयुष्यात कुठली नोंद पक्की केली नव्हती. नजर वर, नावाच्या जागी. रकाना खाली. बाण अजून रकान्यावरच होता, त्यामुळे चाकाचे पहिले तीन आचके रकान्यानेच खाल्ले, आणि बाण रकान्याबाहेर निसटल्यावर मग कुठे पान सरकलं.

पाच. सहा. सात.

धाकटा पडद्यावर बघत होता. चाक फिरवलं की आकडा वर-खाली व्हावा, ही सोय त्यानेच घातली होती. मोठ्या हौसेने.

“केलं जतन,” ताई म्हणाली. “काय आलं?”

विचार करायला वेळच मिळाला नाही, असं तो पुढे स्वतःला सांगायचा. ते खोटं आहे. दोन सेकंद होते, आणि दोन सेकंदांत माणूस जे सगळ्यात आधी वाचवतो, तेच त्याला सगळ्यात प्रिय असतं. त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, सात खोडून चार लिहिले आणि पुन्हा तिच्यासमोर केला.

“बघ. चार टाकलेस, चारच राहिले.”

ताईने तो आकडा पाहिला. मग खुर्ची मागे सारून आत निघून गेली.

त्याने जुन्या तक्रारी उपसल्या. तीन वर्षांपूर्वीची सापडली. कुणा अनोळखी माणसाने मोडक्यातोडक्या भाषेत लिहिलं होतं: ‘चाक फिरवताना आकडा नकळत बदलतो. ही सोय बंद ठेवा. एक दिवस कुणाचं तरी नुकसान होईल.’ खाली धाकट्याचं उत्तर: ‘आम्ही रकाना देतो, डोळे नाही. ते वापरणाऱ्याने आपले आणावेत.’ आणि तक्रार बंद. त्या उत्तराखाली तीनशे जण हसले होते. त्या दिवशी त्याने तो विनोद ताईलाही वाचून दाखवला होता, आणि काही न कळता, भाऊ खूश आहे म्हणून तीही हसली होती.

दुरुस्ती तीन ओळींची निघाली. नवी आवृत्ती त्याने संध्याकाळच्या आत सोडली, सोबत टीप: ‘किरकोळ सुधारणा.’ आता निदान आणखी कुणाला काही होणार नाही, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली. ताईला सांगायचंच, पण सुनावणी होऊ दे, मग नीट बसून सांगू. मंगळवारी दोनदा त्याने तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा ‘चहा घेतेस का’ एवढंच बाहेर पडलं.

बुधवारी ताई म्हणाली, “मला त्यांच्या घरी सोड.”

“कुणाच्या?”

“सतरा नंबरचे गृहस्थ गेले ना, त्यांच्या बायकोच्या. सुनावणीत माफी मागायची म्हणजे नोकरीसाठी मागितल्यासारखं होईल. आधी त्यांच्याकडे जाते.”

“आत्ता कशाला, ताई? उद्या झालं की...”

“तूच म्हणालास ना, कबूल करून टाक म्हणून?”

त्याने तिला गाडीवरून नेलं. त्याला थांबवता आलं असतं, प्रत्येक सिग्नलला आलं असतं. ती तिसऱ्या मजल्यावर गेली आणि हा खाली गाडीला टेकून नखं खात उभा राहिला. ताई वीस मिनिटांनी उतरली. चेहरा मेणासारखा झाला होता.

“मी सांगितलं, तुमचा माणूस माझ्या हातून गेला. चुकून सात दाबले,” ती मागे बसत म्हणाली. “वाटलं होतं शिव्या देतील. काही बोलल्याच नाहीत रे. नुसत्या माझ्या हातांकडे बघत होत्या.”

धाकट्याने गाडी सुरू केली.

गुरुवारी सुनावणीला वरिष्ठ डॉक्टरीणबाई होत्या, मेट्रन होती, आणि ज्यांनी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बांधलं त्या कंपनीचा माणूस होता. कुटुंबातलं एक माणूस सोबत चालतं, म्हणून धाकटा भिंतीकडेच्या बाकावर बसला. कबुलीचा कागद टाइप करून तयारच होता.

“सही करते,” ताई म्हणाली. “फक्त एकदा वॉर्डातल्या त्याच संगणकावर करून बघू द्या. माझं मन खात राहील नाहीतर.”

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं, पण त्या बाई वाईट नव्हत्या. सगळे वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी गेले. ताईने चार टाकले, चाक फिरवून वर गेली, नाव वाचलं, जतन केलं. कंपनीच्या माणसाने नोंद उघडली. चार. तिने पुन्हा केलं. चार. तिसऱ्यांदा केलं. चारच.

“म्हणजे मीच,” ती म्हणाली. तिच्या आवाजात आता हट्ट नव्हता, आणि ते ऐकवत नव्हतं. “मीच सात दाबले असणार. द्या तो कागद.”

मेट्रनने पेन पुढे केलं. ताईने टोपण काढलं.

“जुनी आवृत्ती लावा,” धाकटा म्हणाला. कोणाला कळलं नाही, म्हणून त्याने फोड करून सांगितलं. “आकड्याच्या रकान्याची. सोमवारच्या आधीची.”

कंपनीचा माणूस त्रासला. “भाग आपोआप नवे होत असतात हो. सोमवारी काही बदललं हे तुम्हाला काय माहीत?”

“मीच बदललंय. तो रकाना माझा आहे.”

जुनी आवृत्ती बसवायला अर्धा तास गेला. मग ताईने चार टाकले, चाक फिरवलं, नाव वाचलं, जतन केलं. नोंद उघडली. सात.

डॉक्टरीणबाईंनी कबुलीचा कागद उचलून फाइलीत उलटा ठेवला. मेट्रनला रडू फुटलं, तिने ताईच्या पाठीवर हात ठेवला. ताई पडद्याकडे बघतच नव्हती.

“तुला कधी कळलं?”

“सोमवारी.”

“टेबलावर?”

“हो.”

“आज गुरुवार आहे,” ताई म्हणाली. रुग्णाच्या तक्त्यावर वार लिहावा, तितक्याच सुरात. मग पर्स खांद्याला अडकवली. “चल.”

ती गाडीवर बसली नाही. भर उन्हात पुढे चालत राहिली, आणि हा गाडी ढकलत तिच्या मागून. तिसऱ्या मजल्यापर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. घंटा वाजवली आणि दारासमोरून बाजूला झाली, त्याला पुढे उभं राहायला लागावं म्हणून.

दार त्या बाईंनीच उघडलं. ताईला पाहून त्यांनी दाराची कड घट्ट धरली. मग धाकट्याकडे पाहिलं. बोलायचं काय ते त्याने वाटेत जुळवलं होतं. आकड्याचा रकाना, चाक, तीन वर्षांपूर्वीची तक्रार. त्यातला एक शब्द आठवेना.

“हे कोण?” त्या बाईंनी ताईला विचारलं.

‘हा माझा धाकटा’ असं ताई एरवी कोणी विचारायच्या आत सांगायची. दुकानात, दवाखान्यात, जिन्यात भेटलेल्या परक्या माणसालासुद्धा. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि वाट बघितली.

ताई काही बोलली नाही.