सात फळ्यांची भिंत

"जरा डावीकडे घ्या. अहो, डावीकडे! तुमच्या नाही, माझ्या डावीकडे."

"दोघांची तोंडं भिंतीकडेच आहेत. तुझी डावी आणि माझी डावी एकच आहे," स्टुलावरून मास्तर म्हणाले. "आणि ही पाणसळ बघ. बुडबुडा बरोबर मध्ये आहे. हिच्यावर विश्वास ठेवू की तुझ्या डोळ्यांवर?"

"पस्तीस वर्षं संसार माझ्या डोळ्यांवर चाललाय, त्या बाटलीवर नाही."

मास्तरांनी फळी केसभर डावीकडे सरकवली, भोकातून पितळी स्क्रू आत फिरवला आणि खाली उतरून चार पावलं मागे आले. फळी आता खरोखर सरळ दिसत होती. हे अर्थात त्यांनी बोलून दाखवलं नाही.

ही सातवी आणि शेवटची. बाहेरच्या खोलीच्या लांब भिंतीवर, जिथे परवापर्यंत मोठा आरसा होता, तिथे आता सात फळ्या उभ्या होत्या. पावणेदोन हात लांब, वीतभर रुंद, दोन्ही टोकांना वर उचललेल्या. चाकं काढलेले स्केटबोर्ड. चाकांच्या बोल्टांसाठी प्रत्येकीला आठ भोकं असतात, त्यातल्याच दोन भोकांतून मास्तरांनी त्या टांगल्या होत्या. एक नवं भोक पाडलं नव्हतं. मागे लाकडाचे छोटे ठोकळे दिले होते, त्यामुळे फळ्या भिंतीपासून बोटभर सुटून तरंगल्यासारख्या वाटत होत्या. आणि पॉलिश? पॉलिशचं काय विचारता! बायको पुढे झाली तर सात फळ्यांत सात वेळा दिसली.

"आरसा काढलात म्हणून मी बोलले होते," ती म्हणाली. "ते शब्द परत घेते. केस विंचरता येतील यात."

मास्तर हसले. चाळीस वर्षं लाकडाला पॉलिश करणाऱ्या माणसाला याहून मोठी शाबासकी नको असते. गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नव्हतं, पण चहा सांडलेलं टेबल, मांजराने नखं मारलेलं कपाट, ट्रकमधून उतरवताना खरचटलेला पलंग असं काही झालं, की लोक म्हणायचे, मास्तरांना बोलवा. मास्तर यायचे, लाकडावरून तळहात फिरवायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "तीन दिवस. नंतर ओरखडा कुठे होता ते तुम्हीच मला दाखवा." आजवर कुणालाही दाखवता आला नव्हता. यात फुशारकी नाही, खरं तेच सांगतोय.

या सात फळ्या मात्र गिऱ्हाइकाच्या नव्हत्या. धाकट्या लेकीच्या होत्या.

धाकटीला घरात भिंगरी म्हणत. चौदाव्या वर्षी तिने कुणाचा तरी जुना स्केटबोर्ड घरी आणला, आणि तेव्हापासून घराच्या शांततेला जे चाक लागलं ते सुटलं नाही. गुडघे फुटले, कोपरं सोलली, एकदा दात हलला. फळी झिजली की ती नवी घ्यायची आणि जुनी पलंगाखाली सारायची. मास्तरांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, आणि एके दिवशी जेवता जेवता बोलून गेले, "फळीवर उभं राहून कुणाचं पोट भरत नाही. पोट भरतं ते फळीवर हात चालवून." भिंगरी पानावरून उठली नाही. शेवटचा घास संपवला, ताट उचललं आणि गेली. पुढे दुसऱ्या शहरात जाऊन तिने याच फळीवर पोट भरून दाखवलं. तिथे ती लोकांना स्केटिंग शिकवत होती, स्पर्धाही जिंकत होती. गावात असताना तिचं मैदान घरापासून वीस मिनिटांवर होतं. मास्तर तिथे एकदाही गेले नाहीत. एकदा तिथे मोठी स्पर्धा होती तेव्हा तिने विचारलं होतं, याल का. मास्तरांना एक जेवणाचं टेबल पोहोचतं करायचं होतं. टेबल दुसऱ्या दिवशी दिलं असतं तरी चाललं असतं, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

आता भिंगरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चालाल व्यवस्थित, जिने चढाल, पण उड्या बंद. कायमच्या. तीन महिने आरामाला ती घरी येणार होती.

तिचा फोन ठेवल्यावर मास्तरांनी पलंगाखालच्या फळ्या बाहेर काढल्या. 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांच्या जिभेला कधी जमले नव्हते. जे जिभेला जमत नाही ते हाताला जमतं, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. पोरीने दारातून आत पाऊल टाकावं, भिंत बघावी आणि तिला कळावं, की तिच्या फळ्यांना बापाने घरातली सगळ्यात मानाची जागा दिली. बस्स, एवढंच त्यांना हवं होतं. तीन आठवडे त्यांनी बाहेरचं काम घेतलं नाही. फळ्यांत जीव ओतला.

दुपारी भिंगरी आली. हातात काठी, खांद्याला पिशवी, चेहरा प्रवासाने उतरलेला. आईने तिला कुशीत घेतलं, पिशवी काढून घेतली आणि खांद्याला धरून भिंतीकडे वळवलं.

मास्तर हाताची घडी घालून बाजूला उभे होते.

भिंगरी बराच वेळ बघत राहिली. मग काठी टेकत पुढे गेली, पहिल्या फळीवरून बोटं फिरवली, दुसरीवरून, तिसरीवरून. सातवीपर्यंत गेली आणि परत तिसरीपाशी आली.

"बाबा, ह्या माझ्या फळ्या?"

"मग कुणाच्या? ओळखू येईनात ना!"

"यांच्यावरचे ओरखडे कुठे गेले?"

"काढले!" मास्तरांचा आवाज अभिमानाने चढला. "सगळे काढले. तळाचा तो उडालेला रंग खरवडला. खड्डे होते त्यात भुसा आणि सरस भरला, घासून सपाट केलं, वर नऊ नऊ हात पॉलिश. एक ओरखडा शोधून दाखव. सापडणार नाही तुला."

"नाही सापडत," भिंगरी म्हणाली आणि खुर्चीवर बसली. काठी हातातून सुटून खाली पडली ती तिने उचलली नाही. "ते माझे होते, बाबा."

"काय तुझं होतं?"

"ओरखडे. दहा वर्षं ज्या ज्या कठड्यांवरून घसरले, ज्या दांड्यांवर पडले आणि परत चढले, ते सगळं त्या फळ्यांच्या तळाला होतं. आता पाय गेला. तेवढंच राहिलं होतं." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "आता ह्या नव्या फळ्या आहेत. कुणी कधी पाय न ठेवलेल्या."

मास्तरांच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. चिडले. "अगं, चाळीस वर्षं लोक मला ओरखडे काढायलाच बोलावतात! डाग पडलेलं लाकूड भिंतीवर टांगू? चार लोक येतात घरात!"

"मग लोकांचे काढा," भिंगरी म्हणाली.

आईने चहा ठेवायला म्हणून स्वयंपाकघर गाठलं. तो चहा कुणी प्यायलं नाही.

पुढचे तीन दिवस घरात सगळे फार चांगलं वागत होते. मीठ द्या, घ्या, पंखा बंद करू का, झोप लागली का. त्यापेक्षा भांडण बरं! चौथ्या दिवशी मास्तर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढले.

"हे काय करताय?" भिंगरीने विचारलं.

"काढतो. डोळ्यांसमोर नकोत तुझ्या."

"राहू द्या. काढून काय परत येणार आहे?" मग म्हणाली, "छान झाल्यात तशा. पितळेचे स्क्रू चांगले दिसतात."

हे ती परक्या माणसाच्या घरात बोलतात तशा आवाजात बोलली. मास्तरांना ते पहिल्या दिवशीच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. ते स्टुलावरून उतरले, स्क्रू-ड्रायव्हर पेटीत टाकला, पेटी बंद केली, परत उघडली.

"तुझं ते मैदान," ते पेटीत बघत म्हणाले. "अजून आहे का?"

"आहे."

"दाखवशील?"

भिंगरीने आईकडे बघितलं. आईने छताकडे बघितलं. ही बाई वेळ आली की नेमकं छताकडे बघते.

रविवारी सकाळी दोघं रिक्षाने गेली. जुन्या गोदामांच्या मागे सिमेंटचं मोकळं आवार होतं, उतार, पायऱ्या, लोखंडी दांड्या आणि गुडघ्याएवढे लांबलचक कठडे. दहा-बाराजण फळ्यांवरून इकडून तिकडे सुटत होते. एकजण तर चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडलेला, चांगला सुटलेल्या पोटाचा गृहस्थ होता. मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले.

"हे बँकेत आहेत," भिंगरी म्हणाली. "मीच शिकवलं. पहिल्या महिन्यात रोज पडायचे."

टकल्या गृहस्थाने धावत येऊन भिंगरीचे दोन्ही हात धरले. "ताई! किती दिवसांनी! पाय कसा आहे?" मग मास्तरांकडे वळून, "काका, तुमच्या मुलीने मला माणसात आणलं बघा."

मास्तर काहीतरी पुटपुटले. आपल्या पोरीला इतका मोठा माणूस ताई म्हणतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर त्यांनी कुणाला सांगू दिलं नव्हतं.

भिंगरी त्यांना सगळ्यात लांब कठड्यापाशी घेऊन गेली. "यावरून आम्ही फळीचा पोटाकडचा भाग टेकवून घसरत जायचो."

मास्तर खाली वाकले. सवयीने तळहात कडेवरून फिरवला. सिमेंट, पण हाताला गुळगुळीत. नखाने खरवडून वास घेतला. "मेण आहे."

"मेणबत्ती घासतो आम्ही. घसरायला बरं पडतं."

"घासली कसली, फासली आहे. गुठळ्या राहिल्यात." आणि मग त्यांना कडेवर रंगाच्या रेघा दिसल्या. लाल, पिवळ्या, काळ्या, एकमेकींवरून गेलेल्या. "हे रंग?"

"फळ्यांचे. फळी घासली जाते तेव्हा तळाचा रंग इथे लागतो." ती काठीवर रेलून दोन पावलं पुढे सरकली. "हा निळा माझा."

टवका उडालेल्या कोपऱ्यापासून निघालेली हातभर लांब निळी रेघ. मास्तर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"तिसरी फळी," ते म्हणाले. "निळ्या तळाची. मधोमध आडवा ओरखडा. उजवीकडे उथळ, डावीकडे दोन पदर खोल. शेवटाला एक कपची निघालेली, तांदळाच्या दाण्याएवढी."

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला कसं माहीत?"

"मीच भरला ना! तीन वेळा भरला, तीन वेळा खचला. चौथ्यांदा बसला. त्याच्याच शेजारी दुसरा होता, केसासारखा बारीक, पण लांब. पाचव्या फळीला शेपटाकडे सात बारीक होते, एकाखाली एक. पहिलीचा पुढचा कोपरा तर पार चेपलेला." मास्तरांनी वर बघितलं. "सगळे माहीत आहेत मला. कुठे होते, किती खोल होते. फक्त का पडले ते माहीत नाही. हा कसा पडला?"

भिंगरी त्यांच्या शेजारी कठड्यावर टेकली. दुखरा पाय लांब केला.

"स्पर्धेच्या दिवशी. तुम्ही टेबल द्यायला गेला होतात, तेव्हा. शेवटची फेरी होती. मी सारखी फाटकाकडे बघत होते. त्या नादात फळी कोपऱ्यावर आपटली, पण पडले नाही. तशीच शेवटपर्यंत गेले." ती जरा हसली. "पहिली आले."

मास्तरांनी तळहात त्या निळ्या रेघेवर ठेवला. मग ते म्हणाले, "माझं चुकलं, पोरी. त्या दिवशीही आणि आताही."

भिंगरीने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. थोड्या वेळाने म्हणाली, "पाचवीचे सात सांगू?"

"सगळे सांग. वेळ आहे मला."

ती सांगत गेली. कोणता पायऱ्यांवरचा, कोणता दांडीवरचा, कोणता निव्वळ मूर्खपणाचा. मास्तर प्रत्येकाची खोली सांगायचे आणि ती मान डोलवायची. एकदा तर ती चुकली आणि मास्तरांनी तिला दुरुस्त केलं, तो सहावीचा नव्हता, चौथीचा होता. दोघं मोठ्याने हसली.

तेवढ्यात टकले गृहस्थ मेणबत्तीचा तुकडा घेऊन आले. "काका, जरा सरकता का? कठड्याला मेण लावायचंय."

"आणा इकडे," मास्तर म्हणाले. "असं फासतात का मेण? घाम गाळून घासावं लागतं."

त्यांनी खिशातून फडकं काढलं, त्याचा बोळा केला आणि कठड्याच्या एका टोकाला बसले. मेण लावायचं, बोळ्याने गोल गोल जिरवायचं, तळहात फिरवायचा, पुढे सरकायचं. फळ्या थांबवून सगळे भोवती गोळा झाले. सिमेंटला असं कुणी घासताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. हातभर कठडा चमकला, मग दोन हात, मग चार. मास्तर सरकत सरकत निळ्या रेघेपाशी आले, हात थांबवला, रेघ तेवढी सोडली आणि पलीकडून पुन्हा घासायला लागले.