बाहेरची टेप काळी होती

विमानाला मी घाबरते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा तर रोज चहाच्या वेळी विचारतो, "काय मग, दाराजवळची सीट सांगू का? उडी मारायला बरी." शेहेचाळीस वर्षं जमिनीवर काढल्यावर एकदम हवेत जायचं म्हणजे भीती वाटणारच. शिवाय परका देश, भाषेचा गंध नाही, आणि तिथला ताप येऊ नये म्हणून गोळ्या आठवडाभर आधीपासूनच सुरू. पण आमच्या मोठ्या डॉक्टरांनी येता का विचारलं आणि मी हो म्हणून बसले. दुभंगलेल्या ओठांच्या मुलांची ऑपरेशनं फुकट करायला ते दरवर्षी तिथे जातात. गेल्या वर्षी हत्यारं मीच बांधून दिली होती, गेले मात्र नव्हते.

आमच्या थिएटरमध्ये हत्यारांचे सेट बांधायचं काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे. सेट कापडात गुंडाळायचा, वर टेप लावायची, जंतू मारायला वाफेच्या मशीनमध्ये ठेवायचा. वाफ लागली की टेपवरच्या फिक्या रेघा काळ्या होतात. पण टेप फक्त बाहेरचं सांगते. वाफ आतपर्यंत पोचली का, हे कळायला आत एक कागदी पट्टी ठेवतात, तीही काळी व्हावी लागते. माझं काम कुणी तपासत नाही. सगळे मला 'पक्की' म्हणतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी स्टोअररूममध्ये छत्तीस गाठोडी बॅगांत भरत होते. छत्तीस मुलं, छत्तीस सेट. तिथे मशीन नाही, सगळं इथूनच न्यायचं. शेवटच्या बॅगेची चेन बसेना. गुडघा टेकवून ओढली, तर एका गाठोड्याचं कापड अडकून टर्रकन फाटलं. आता हे पुन्हा बांधा, म्हणून चरफडत मी ते उघडलं. कात्र्या, चिमटे आणि मधोमध ती पट्टी. पांढरीफटक.

टेप पुन्हा बघितली, काळीच होती. दुसरं गाठोडं उघडलं. पट्टी पांढरी. तिसऱ्यातली जेमतेम अर्धी काळी. मग माझ्या लक्षात आलं. बॅगेत मावावीत म्हणून मी गाठोडी घट्ट आवळली होती आणि मशीनमध्येही खचाखच कोंबली होती. वाफेला शिरायला फटच ठेवली नव्हती.

मी खाली फरशीवर बसले. पट्ट्या काढून टाकल्या तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिथे गाठोडी उघडणारी मीच, आणि जखमा चिघळायच्या त्या आम्ही परतल्यावर. हा विचार माझ्याच डोक्यात आला होता, आणि मला माझीच भीती वाटली.

मग गेलं वर्ष आठवलं. तेव्हा पट्ट्या संपल्या होत्या. "टेप आहे ना," म्हणून मी भागवून नेलं होतं. आणि गाठोडी अशीच बांधली होती. घट्ट. त्या खेपेला तीन मुलांच्या जखमा चिघळल्या, टाके सुटले. तिथलं पाणी खराब, असं सगळ्यांनी ठरवलं. मीही मान डोलावली होती.

डॉक्टरांच्या खोलीपर्यंत कशी गेले, आठवत नाही.

"सर, सेट कच्चे राहिलेत. आतली पट्टी पांढरी आहे."

"किती?"

"तीन उघडले. पण सगळे एकाच पद्धतीने बांधलेत."

त्यांनी घड्याळ बघितलं. "बॅगा रात्री नऊला पुढे जाणार. सैल बांधून तोवर किती होतील?"

"वीस."

"मग वीस मुलं," ते म्हणाले आणि फोन उचलायला लागले. सोळा जणांना येऊ नका म्हणून कळवायचं होतं.

"सर, अजून आहे." "गेल्या वर्षी पट्ट्या नव्हत्या. आणि मी असेच बांधले होते."

त्यांनी फोन खाली ठेवला. ते ओरडतील तर बरं, असं मला वाटत होतं. ते ओरडले नाहीत.

"त्या तिघांना पहिल्याच दिवशी बोलावलंय," ते म्हणाले. "पुन्हा शिवायला."

"मी येऊ नये असं वाटत असेल तर..."

"येऊ नये? सिस्टर, पाणी खराब होतं असं त्यांच्या आयांना मी सांगितलंय. आता खरं काय ते सांगावं लागेल. तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहा."

मी परत येऊन सगळी गाठोडी सोडली. वीस बांधली, प्रत्येकात पट्टी ठेवली, आत वाफेला जागा आहे ना, म्हणून बोटं घालून पाहिली. तिसरी फेरी मशीनमध्ये असताना नवऱ्याचा फोन आला.

"काय गं, विमानाची भीती गेली का?"

"गेली," मी म्हणाले. "आता उतरल्यावरची वाटते."