डावी टाच

त्याने दोन्ही हात मिठाच्या पाण्यात बुडवले आणि "आई गं!" म्हणाला.

"आईला कशाला हाका मारतोस आता? ती होती तेव्हा तिचा एक शब्द ऐकला नाहीस," ताई म्हणाली आणि टोपात आणखी गरम पाणी ओतलं.

उद्या फायनल होती. त्याच्या आयुष्यातली शेवटची मॅच. बाकीचे गोलकीपर आदल्या दिवशी मालिश करून घेतात, कानात गाणी लावून डोळे मिटून पडतात. हा मात्र दर मोठ्या मॅचच्या आदल्या दुपारी थोरल्या बहिणीच्या घरी यायचा आणि तिच्या शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर टोप घेऊन बसायचा. ताई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची, त्यामुळे घरभर रेक्झिनचा वास. तो वास आला की मला झोप चांगली लागते, असं तो म्हणायचा. पाण्यातली त्याची बोटं बघवत नव्हती. एक सरळ असेल तर शपथ. करंगळी तर घरच्यांवर रुसल्यासारखी बाहेर वळलेली.

वर्तमानपत्रवाले त्याला 'कुलूप' म्हणत. गोलला कुलूप लागलं की समोरच्यांनी खुशाल घरी जावं. एकदा मोडक्या बोटाला पट्टी गुंडाळून अख्खी मॅच खेळला आणि नंतर कुणी हळहळलं तर म्हणाला, "बाकीची नऊ होती की!" पेनल्टी अडवण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि गोल झालाच, तर चूक कुणाचीही असो, अगदी बचावपटूच्या पायातून चेंडू सुटलेला का असेना, कॅमेऱ्यासमोर याचं एकच वाक्य: "माझा होता, मी घ्यायला हवा होता." त्याच्यापुढे खेळणारे त्याच्यासाठी जीव टाकायचे ते काही उगाच नाही.

अशा माणसाला लहानपणी हवे तेवढे गोल घालणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे ताई. घरामागच्या बोळात दोन रिकामे पिंप हा गोल. ताईच्या पायात तोफ होती, पण मुलींची टीम कुठे होती तेव्हा? मग तिने सगळी हौस धाकट्या भावावर भागवून घेतली. तो रडकुंडीला यायचा. एके दिवशी तिलाच दया आली आणि तिने सांगून टाकलं, "अरे वेड्या, तुझी टाच चुगली करते."

खरंच करायची. उजवीकडे झेपायचं मनात आलं की आधी डावी टाच जराशी उचलली जायची. डावीकडे जायचं असलं की उजवी. डोळ्याचं पातं लवेल इतकीच, पण ताईला तेवढं पुरायचं. त्याने टाचेखाली खडे ठेवून पाहिले, जाड मोजे घालून पाहिले. टाच धरून ठेवली तर ठेवता यायची, पण मग झेप उशिरा पडायची. शेवटी त्याने नाद सोडला.

"कुणाला सांगू नकोस, ताई."

"मी कशाला सांगू?"

झालं, एवढंच बोलणं. पुढे हा एवढा मोठा झाला, पण साऱ्या जगाचं लक्ष त्याच्या पंजांवर. पायाकडे कोण बघतंय? आणि आता उद्याच्या मॅचमध्ये समोरच्या टीमकडून पेनल्टी मारणारा होता ताईचा एकुलता एक मुलगा.

पोरगा बावीस-तेवीसचा, आईसारखाच पाय. पहिलीच फायनल. आठवडाभर टीमच्या मुक्कामावरून रोज फोन.

"आई, तू लहानपणी मामाला गोलावर गोल घालायचीस म्हणे. कसे?"

"पायाने."

"आई, प्लीज! मामा कुठे पडतो ते तुला माहितीये. मला कळतंय ना."

"समोर उभा राहशील तेव्हा बघ."

सकाळच्या फोनवर मात्र तो चिडला होता. "तू नक्की कुणाची आई आहेस गं?" असं म्हणून त्याने फोन ठेवला होता. ताईने त्यानंतर एक शिवण दोनदा उसवली.

आता तिने भावाचे हात टॉवेलने पुसले, एकेक बोट करून, आणि ताट वाढलं. तो जेवायला लागला.

"चिरंजीव विचारत असतील ना?" त्याने ताटाकडे बघतच विचारलं.

"विचारतो."

"मग?"

"भात घे अजून."

"ताई, तू आई आहेस त्याची. मला राग नाही यायचा, खरंच."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांनी हा असं विचारतो? 'नाही सांगितलं रे' असं म्हणायचं म्हणजे स्वतःच्याच तोंडाने स्वतःचे गोडवे गाणं. ते तिला मेलं तरी जमलं नसतं.

"जेव गुपचूप," ती म्हणाली आणि भाताचा डाव जरा जोरातच त्याच्या ताटात आपटला.

त्याने मान हलवली आणि जेवला. जाताना दारात तिच्या खांद्यावर हात ठेवून तो हसला. 'समजलं मला' असं म्हणतात ना न बोलता, तसं ते हसू होतं.

दुसऱ्या दिवशी स्टेडियममध्ये ताईचे यजमान एका टीमची टोपी आणि दुसऱ्या टीमचा मफलर घालून आले. "आपण दोन्हीकडून जिंकणार," असं ते शेजारच्या अनोळखी माणसांना सांगत होते. "एक माझा मेहुणा, एक माझा मुलगा. मला हरवून दाखवा!" ताईने काहीच खाल्लं नव्हतं.

मॅच तशी कुलपाचीच झाली. एकदा त्याने कोपऱ्यात शिरणारा चेंडू बोटांच्या टोकांनी बाहेर ढकलला, तेव्हा समोरच्या टीमचे पाठीराखेसुद्धा टाळ्या वाजवायला उठले. एकदा तो पायांच्या गर्दीत असा काही घुसला की ताईने डोळेच झाकले. उघडले तेव्हा चेंडू त्याच्या पोटाशी होता. भाच्याने तीनदा तोंड उघडलं गोल म्हणून ओरडायला, तिन्ही वेळा उघडंच राहिलं. शून्य-शून्य.

आणि मग अगदी शेवटी पेनल्टी. मामाच्या टीममधल्या कुणाचा तरी चेंडूला हात लागला, पंचाने शिट्टी वाजवली, आणि चेंडू उचलायला ताईचा मुलगा पुढे आला.

यजमानांची बडबड थांबली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मामा रेषेवर उभा राहिला, हात पसरून. सारं स्टेडियम त्या पंजांकडे बघत होतं. ताई एकटी त्याच्या बुटांकडे बघत होती. पोरगा दोन पावलं मागे गेला. धावला. आणि तिला दिसलं, डावी टाच उचलली गेली. म्हणजे उजवीकडे, स्टेडियमच्या मोठ्या घड्याळाच्या बाजूला. तिने पोराचा पाय पाहिला. पोरगाही घड्याळाच्याच बाजूला मारत होता. अडणार हा, अडलाच! पोरासाठी ती जागेवरून उठली.

भाऊ डावीकडे झेपला.

चेंडू उजवीकडच्या जाळीत शिरला, जिथे भाऊ एरवी नक्की असता.

सगळीकडे एकच कल्लोळ. यजमान मफलर फिरवत रडत होते की हसत होते, त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. ताई मात्र खाली बसली. त्या टाचेने आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं होतं, आणि मुद्दाम. का, ते तिला लगेच कळलं आणि आधी आला तो रागच.

कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती त्याची वाट बघत बसली. तो खूप उशिरा आला, ओले केस, हातात बॅग. वाटेत लोक उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते आणि तो ओशाळून मान तुकवत होता. तो जवळ आल्यावर ती उठली.

"असं वाटलं तुला माझ्याबद्दल?"

त्याला क्षणभर उमगेना. मग त्याने बॅग खाली ठेवली.

"तू त्याला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"पोटच्या पोराला?"

"नाही म्हटलं ना!"

तो बाकावर बसला. आधी त्याचे खांदे हलायला लागले, मग तो मोठ्याने हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"अगं, मग काल बोलली का नाहीस? मी आपला समजलो, पोराला सगळं ठाऊक आहे. म्हटलं, टाच दाखवू, तो उलटीकडे मारेल, आपण तिकडेच जाऊ. मला तेवढं सांगितलं असतंस तर अडवला असता गं!"

"माझ्यामुळे हरलास," ताई म्हणाली. "शेवटची मॅच तुझी."

"तुझ्यामुळेच." त्याने त्या वाकड्या बोटांनी तिचा हात घट्ट धरला. "कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं मी. केवढासा होतो तेव्हा. मीच विसरलो बघ."

ती त्याच्याजवळ बसली. तेवढ्यात पलीकडून पोरगा धावत आला, गळ्यात पदक, गवताने माखलेला. आधी त्याने मामाला मिठी मारली.

"मामा, रडू नको ना! मला कसंतरी होतंय."

"त्याचं नाही रे रडत. छान मारलास."

"छान कसला! कुठे मारायचा तेच ठरत नव्हतं, देवाचं नाव घेऊन पाय उचलला." मग तो आईकडे वळला. कालचा फोन त्याच्या चेहऱ्यावर अजून होता. "बघ, न सांगताच घातला. आता तरी सांग. मामा उद्यापासून खेळणारही नाही, आता काय बिघडतंय? कुठे पडणार ते कसं ओळखायचीस तू?"

"सांग, ताई," भाऊ म्हणाला. "आता खरंच काही बिघडत नाही."

ताईने आधी मुलाच्या गालावरचं गवत काढलं.

"तुझा मामा ना," ती म्हणाली, "तो कुठे पडणार ते कुणालाच ओळखता आलं नाही."