पहिलं ओगराळं फादरांचं

आमच्या गावावर निघालेली फिल्म आता सगळीकडे दाखवतात. तिच्यात एक दृश्य आहे. चर्चच्या तळघरात सूपच्या पातेल्यासमोर एक उंच, नीटनेटका माणूस रिकामा वाडगा धरून उभा आहे. बराच वेळ उभा आहे. मग वाडगा खाली ठेवतो आणि निघून जातो. शहरातले लोक मला विचारतात, तो जेवला का नाही? सूपमध्ये काही होतं का? सूपमध्ये बटाटे होते, मैद्याचे गोळे होते आणि साय भरपूर होती. बाकी जे होतं ते कॅमेऱ्यात मावण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

त्या माणसाचं नाव डेल हॅस्किन्स. तो वसंतात आमच्या मार्टिन्सफेल्ड गावात आला, बंद पडलेली डेअरी आणि तिच्यामागचे मोकळे प्लॉट घेतले, आणि उन्हाळाभर त्याची माणसं येत राहिली. हा देश फक्त गोऱ्यांचा, असं त्यांचं म्हणणं. आमचं गाव एवढंसं. पुढच्या निवडणुकीपर्यंत इथे आपल्याच माणसांची मतं जास्त होतील, असं त्याने इंटरनेटवर उघड लिहिलं होतं. सूर्य मावळेपर्यंत कुणाविषयी वाईट बोलायचं नाही, हा माझा जुना नेम. म्हणून एवढंच सांगते की मिस्टर हॅस्किन्स बोलायला फार सभ्य होते. पोस्टात भेटले तर टोपी काढायचे. त्यांची माणसं काढत नसत.

आणि आमचे फादर सिप्रियन नायजेरियाचे. पहिल्या हिवाळ्यात बिचारे दोन कोट एकावर एक घालून फिरायचे. माझे यजमान गेले त्या दिवशी रस्ते बर्फाने बंद होते, तर बर्फ काढायच्या गाडीत बसून फादर आले आणि शेवटपर्यंत त्यांचा हात धरून बसले. त्याच फादरांच्या दारावर कुणीतरी लाल रंगाने नको ते लिहिलं. फादरांनी स्वतःच त्यावर हिरवा रंग फासला, तोही दाराच्या हिरव्याशी न जुळणारा. बिशप फोनवर म्हणाले, "फादर, नाताळच्या आधी शहरात या. मी तुम्हाला तिथे ठेवत नाही." पण दुसरा पुरोहित द्यायला बिशपांकडे नव्हता. म्हणजे फादर गेले की आमच्या चर्चला कुलूप लागणार. मिस्सेची प्रार्थना नाही, लग्नं नाहीत, आणि आम्हा म्हाताऱ्यांना पुरायलासुद्धा परका पुरोहित.

फादर हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. पुस्तकांची खोकी मात्र अर्धवट भरलेली मी डोळ्यांनी पाहिली होती.

फिल्मवाली इंग्रिड मिनियापोलिसहून आली होती. आधी वाटलं, आली गंमत बघायला. पण शेरीफची पहाऱ्याची गाडी वेळेवर येत नसे तेव्हा ही पोरगी कॅमेरा मांडीवर घेऊन फादरांच्या घरासमोर आपल्या गाडीत बसायची. त्यानंतर तिला आम्ही आमच्यातलीच धरली, तिला मांसाहार चालत नाही हेही खपवून घेतलं.

ऑक्टोबरातलं चर्चचं जेवण तोंडावर आलं आणि मिस्टर हॅस्किन्सनी पोस्टात सगळ्यांदेखत सांगितलं, "आम्हीही येतोय. पाटीवर सर्वांचं स्वागत लिहिलंय ना?"

तळघरातल्या स्वयंपाकघरात आम्ही बायका सूपच्या गोळ्यांसाठी मैद्याची कणीक मळत होतो. इंग्रिड दारात उभी राहून म्हणाली, "त्याला जेवायचं नाहीये हो. तो स्वतःचा कॅमेरावाला आणणार आहे. तुमच्या टेबलावर बसून, तुमच्या हातचं खाताना त्याला दिसायचंय. मग जगाला दाखवणार, बघा, गावाने आम्हाला आपलं म्हटलं."

"मग जेवणच रद्द करू," रीटा म्हणाली.

"शेरीफला दारात उभा करू," दुसरी कुणीतरी.

आल्विनाने दोन्हींना मान हलवून नकार दिला. आल्विना म्हणजे आमच्या स्वयंपाकघराची मालकीण. आवाज बारीक, मनगट लोहाराचं. कणकेचे गोळे तोडता तोडता ती म्हणाली, "ती पाटी माझ्या सासूने रंगवलीय. आमच्या जेवणाला आलेला माणूस उपाशी परत पाठवायचा नसतो. मी पाठवणार नाही."

"म्हणजे त्याला हवं तेच झालं!" इंग्रिड कळवळून म्हणाली.

"थांब गं जरा. कणीक मळताना मला सुचतं."

तिला काय सुचलं ते मला संध्याकाळी कळलं, कारण फादरांकडे जाताना तिने मला सोबत घेतलं. खोक्यांमधून वाट काढत आम्ही बसलो. आल्विनाने आडपडदा ठेवला नाही.

"फादर, तुम्ही उद्या घरीच थांबावं असं शेरीफ म्हणतो. मी वेगळं विचारायला आलेय. माझा खांदा धरलाय. सूप वाढायला कुणीतरी हवं. रांग सूपपासून सुरू होते. त्या माणसालाही तिथूनच सुरू करावं लागेल." ती थांबली. "तुम्ही नाही म्हणालात तर मी रागावणार नाही. जीव तुमचा आहे, आमचा नाही."

मी मनात रोझरीचे मणी ओढत होते, आणि खरं सांगते, फादरांनी हो म्हणावं की नाही म्हणावं, काय मागावं तेच मला कळेना.

"आमच्या आईने मला स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकू दिलं नाही," शेवटी ते म्हणाले. "ओगराळं कसं धरतात तेवढं दाखवा."

दुसऱ्या दिवशी तळघर भरून गेलं. फादर पांढऱ्या कॉलरवर फुलाफुलांचा एप्रन बांधून पातेल्यामागे उभे. वेंडेलिन, म्हणजे आल्विनाचा नवरा, त्यांना म्हणाला, "फादर, शोभता हो. माझ्या सूनबाईंपेक्षा बरे दिसता."

"सूनबाईंना सांगू का?"

"नको नको, मला तिथेच जेवायचं असतं!"

मिस्टर हॅस्किन्स आले. मागे त्यांची माणसं, बाजूला त्यांचा कॅमेरावाला. दुसऱ्या भिंतीशी इंग्रिडचा कॅमेरा. रांग पुढे सरकली आणि ते पातेल्यासमोर आले. तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"या," फादर म्हणाले. "गोळे जास्त घालू की पातळ जास्त?"

मिस्टर हॅस्किन्सच्या कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली घेतला, पुन्हा वर केला, मग पुन्हा खाली. फादरांच्या हातचं घेतलं तर जे दाखवायला आले होते ते दाखवता येणार नव्हतं. नाही घेतलं तर जेवणच नव्हतं.

"मला सूप नको," मिस्टर हॅस्किन्स आल्विनाकडे वळून म्हणाले. "सॉसेज द्या."

"सॉसेज देते की," आल्विना गोड आवाजात म्हणाली. "पण आमच्यात पहिलं ओगराळं फादरांचं. मग पुढचं. आज्या-पणज्यांपासूनची रीत आहे."

"असं कधीपासून गं?" वेंडेलिन रांगेतून मोठ्याने म्हणाला.

"वेंडेलिन! तुझं कानाचं यंत्र नीट लाव."

"लावलंय की."

"मग काढ."

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. हसू मोठं नव्हतं, पण उन्हाळाभर त्या माणसासमोर कुणी हसलं नव्हतं. फादर मात्र हसले नाहीत. ओगराळं भरलेलं, हात पुढे केलेला. मी जवळ होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण हात स्थिर होता.

"गार होतंय," ते हळूच म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. खरंच वाढायला उभे होते ते.

मिस्टर हॅस्किन्सनी वाडगा टेबलावर ठेवला आणि जिना चढून गेले. त्यांची माणसंही गेली. एक बाई तेवढी राहिली, त्यांच्यातलीच, डोळ्यांखाली काळं आलेली. तिने जिन्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, तोच ठेवलेला वाडगा उचलला आणि म्हणाली, "गोळे जास्त."

फादरांनी गोळे जास्त घातले. ती भिंतीशी बसून सगळं जेवली. आल्विनाने तिच्यासमोर कूखनचा, म्हणजे आमच्याकडच्या गोड केकचा, मोठा तुकडा ठेवला.

ते लोक लगेच गाव सोडून गेले असं नाही. निवडणुकीचं, पाण्याच्या कनेक्शनचं, कोर्टाचं, ते सगळं फिल्ममध्ये आहे. मी जेवणानंतरच्या शनिवारचं सांगते, कारण माझा जीव तिथे टांगलेला होता. फादरांच्या घरातली खोकी अजून तशीच होती.

शनिवारी मिस्सेआधी फादरांसमोर पापनिवेदन असतं. आल्विना आत गेली. माझा नंबर तिच्यानंतर. मी मागच्या बाकावर गुडघे टेकून बसले होते. ती बराच वेळ बाहेर येईना. मग आतून चक्क हसण्याचा आवाज आला, पुरुषाचा. पापनिवेदनाच्या खोलीतून हसणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा तोंड लालेलाल.

असलं विचारायचं नसतं. पण तिनेच माझ्या शेजारी बसकण मारली आणि कानात सांगायला लागली.

"खोटं बोलले ते सांगितलं. रीत-बीत काही नव्हती, तिथल्या तिथे रचली, तीही चर्चमध्ये, वर आजीचं नाव घेऊन."

"मग?"

"हसले. मग म्हणाले, प्रायश्चित्त एकच. खोटं बोललात ते खरं करा. दरवर्षी पहिलं ओगराळं माझ्या हाती द्यायचं."

"दरवर्षी?"

"मीही हेच विचारलं, जसंच्या तसं. तर म्हणाले, बिशपांना सकाळीच फोन केला, मी कुठेही जात नाही."

आल्विनाने एप्रन नसल्यामुळे कोटाच्या बाहीनेच नाक पुसलं, आणि गंभीर होऊन म्हणाली, "पण रोझिना, त्यांना वाढायला नीट शिकवायला हवं बाई. कुणाला ढीगभर गोळे, कुणाला नुसतं पाणी. पुढच्या वर्षी भांडणं होतील."